ट्रेलरचा एसी दुपारी हात टेकतो : गॅस भरण्याआधी काय तपासायचं

तक्रार जवळपास शब्दशः एकसारखी असते. दहा बाय सहा फुटांचा बंद ट्रेलर. आत माती परीक्षणाची यंत्रं, नाहीतर केक-आइस्क्रीमचा काउंटर, नाहीतर नेत्रतपासणीचं टेबल. सकाळी अकरापर्यंत आत मस्त गारवा. दोन वाजले की गार हवा यायची थांबते, पंखा नुसता फिरत राहतो. चारच्या सुमाराला कॉम्प्रेसर ‘कट’ आवाज करून बंद पडतो, चार-पाच मिनिटांनी घुरघुरतो, परत कट. उन्हं उतरली की काही झालंच नाही असा सुरळीत चालतो. मेकॅनिक येतो, गॅस भरतो, आठवडा बरा जातो कारण त्यात दोन-चार दिवस ढगाळ असतात. मग आटपाडीत किंवा म्हसवडच्या माळावर ट्रेलर उभा केला की पुन्हा तेच.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो फिरतो. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर एक तर कुठेतरी गळती आहे आणि ती न शोधता वरून गॅस घातला जातोय, किंवा गॅस कमी नव्हताच. ट्रेलरच्या बाबतीत दुसरं कारण फार वेळा निघतं. जास्त गॅस भरला तर आतला दाब आणखी वाढतो आणि भर दुपारी कॉम्प्रेसर आधीपेक्षा लवकर बंद पडतो. म्हणून आधी खालच्या चाचण्या करा, मग मेकॅनिकला बोलवा.

अर्ध्या तासाची तपासणी

दोन साधे डिजिटल थर्मामीटर, एक क्लॅम्प मीटर, एक मल्टीमीटर आणि दोन उदबत्त्या एवढंच लागतं. तपासणी दुपारी दोन ते चारमध्येच करा. सकाळी केलेल्या तपासणीत हा दोष दिसतच नाही.

पहिलं माप आतलं. एसी जिथून हवा ओढतो ती जाळी आणि जिथून गार हवा सोडतो ती जाळी, दोन्हीकडचं तापमान घ्या. फरक ८ ते १२ अंश असेल तर एसी आपलं काम करतोय, दोष ट्रेलरच्या डब्यात आहे. फरक त्याहून कमी असेल तर पुढे चला.

दुसरं माप बाहेरचं. ट्रेलरपासून दहा-बारा फुटांवर सावलीतलं तापमान घ्या, मग कंडेन्सर, म्हणजे आतली उष्णता बाहेर सोडणारी कॉइल, जिथून हवा ओढतो त्या जागेचं घ्या. विंडो एसीत ती जागा बाजूच्या झडपा असते, स्प्लिटच्या बाहेरच्या युनिटला मागची बाजू. दोहोंत ३ अंशांपेक्षा जास्त फरक आला तर तुमचा एसी स्वतःचीच गरम हवा परत ओढतोय.

तिसरं माप व्होल्टेजचं, आणि ते एसीच्या सॉकेटवरच घ्यायचं. खांबावर किंवा जनरेटरवर घेतलेला आकडा इथे कामाचा नाही. कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी काटा किती खाली येतो ते बघा. डिजिटल मीटरला किमान आकडा धरून ठेवायची सोय असेल तर उत्तम.

आणि एक रात्रीची खूण. रात्री नऊला, तेच व्होल्टेज असताना एसी व्यवस्थित चालत असेल तर गॅस कमी आहे किंवा कॉम्प्रेसर गेला असा संशय आधी घेऊ नका. रात्रीही गार होत नसेल तर मात्र गळती, कमजोर कपॅसिटर किंवा तुंबलेली कॉइल शोधायला लागा. कपॅसिटरवर छापलेल्या मायक्रोफॅरडपेक्षा मोजमाप १० टक्क्यांहून कमी भरलं तर तो बदला. स्वस्त भाग आहे आणि तो बदलून कॉम्प्रेसर वाचतो.

सगळ्यात मोठा गुन्हेगार : कोंडलेला कंडेन्सर

विंडो एसी भिंतीतून बाहेर काढला की ट्रेलरची लांबी वाढते, दिसायला बरं दिसत नाही, चोरीची भीती असते. म्हणून फॅब्रिकेशनवाला एसीभोवती पत्र्याची पेटी करतो आणि मागे एक जाळी लावतो. काम नीटनेटकं दिसतं, आणि एसी तिथेच मरतो. विंडो एसी बाजूच्या आणि वरच्या झडपांतून बाहेरची हवा आत घेतो आणि मागच्या तोंडातून गरम हवा फेकतो. पेटीत ही गरम हवा मागच्या जाळीवर आपटून वळते आणि परत बाजूच्या झडपांत शिरते. बाहेर ४० अंश असताना कंडेन्सरला ५० अंशांच्या वरची हवा मिळायला लागते. दाब चढतो, कॉम्प्रेसर जास्त अँपियर खेचतो, तापतो, आणि त्याच्या डोक्यावरचा ओव्हरलोड, म्हणजे जास्त तापलं की वीज तोडणारा छोटा स्विच, त्याला बंद करतो. तो ‘कट’ आवाज याचाच. ओव्हरलोड आपलं काम चोख करतोय, त्याला काढून थेट जोडणी करणाऱ्या मेकॅनिकला पुन्हा ट्रेलरजवळ येऊ देऊ नका.

पेटीच्या मागच्या कोपऱ्याशी पेटलेली उदबत्ती धरा. धूर सरळ मागे निघून गेला तर ठीक. धूर कोपऱ्यापाशी घुटमळून, कडेने वळून, बाजूच्या झडपेत शिरताना दिसला तर निदान झालं.

उपाय सोपा आहे. पेटीच्या दोन्ही बाजूंचा आणि वरचा पत्रा कापा आणि तिथे एक्स्पांडेड मेटलची मोठ्या भोकांची जाळी लावा. बारीक मच्छरजाळी नको, आठवड्यात धुळीने बुजते. एसीच्या मागच्या तोंडाच्या कडेने, पेटीच्या भिंतीपर्यंत पत्र्याची पट्टी लावून फोम टेपने बंद करा, म्हणजे मागून निघालेल्या हवेला बाजूला यायची वाटच उरत नाही. पाठीमागे दोन-अडीच फूट मोकळं हवं. जत्रेत दोन ट्रेलर पाठीला पाठ लावून उभे राहतात तेव्हा एकाची गरम हवा दुसरा पितो, हेही लक्षात ठेवा.

नव्याने बसवणार असाल तर एसीची जागा पुढच्या भिंतीवर, जोडदांड्याच्या वर निवडा. तिथे रुंदी वाढत नाही, आणि लांबी-रुंदी नोंदणीपुस्तकातल्या मापांत राहते. फक्त वळताना ओढणाऱ्या गाडीचा मागचा कोपरा एसीला घासत नाही ना, ते पूर्ण वळवून बघा. भोक एसी हातात आल्यावरच कापा, कारण प्रत्येक मॉडेलचं माप वेगळं. भोकाच्या चारही कडांना ४० मिलिमीटरच्या अँगलची चौकट वेल्ड करा आणि बाहेरून खालून दोन तिरके टेकू द्या. ३५-४५ किलोचं वजन खड्ड्यांत नुसत्या पत्र्यावर टिकत नाही. टेकू आणि एसीच्या मध्ये १० मिलिमीटरचं रबर. झडपा पूर्णपणे भिंतीबाहेर. अर्धी झडप भिंतीच्या जाडीत अडकली तरी निम्मं काम गेलं.

वायर : दिसत नाही म्हणून सुटते

एक टनाचा जुन्या पद्धतीचा, म्हणजे इनव्हर्टर नसलेला एसी चालताना साधारण ५ ते ६ अँपियर घेतो. पण सुरू होण्याच्या त्या क्षणी साधारण पाच पट, म्हणजे २५ ते ३० अँपियर. आता मंडपवाल्याकडून घेतलेली एक स्क्वेअर मिलिमीटरची ३० मीटर वायर घ्या. जाऊन-येऊन ६० मीटर तांबं, त्याचा रोध सुमारे १.१७ ओहम. चालताना ७ व्होल्ट पडतात, कुणाच्या लक्षातही येत नाही. सुरू होताना २८ अँपियरला ३३ व्होल्ट पडतात. उन्हाळ्यात शेतीपंप चालू असताना लाइनलाच १९५ मिळत असतील तर कॉम्प्रेसरला उरतात १६२. तेवढ्यावर तो फिरत नाही, नुसता घुरघुरतो आणि तापून बंद पडतो.

तीच ३० मीटर वायर ४ स्क्वेअर मिलिमीटरची, शुद्ध तांब्याची घेतली तर सुरुवातीचा पडाव ८ व्होल्टवर येतो. ट्रेलरचा एसी चालवायचा असेल तर ४ स्क्वेअरच्या खाली जाऊ नका. वायर रिळावर गुंडाळलेली ठेवून वापरू नका, आतले वेढे तापून इन्सुलेशन मऊ पडतं. पूर्ण उलगडून, पाय आणि चाकं पडणार नाहीत अशी टाका. प्लग १६ अँपियरचा, किंवा त्याहून बरा म्हणजे निळा औद्योगिक प्लग. ६ अँपियरच्या प्लगमधून दोन पिना काळ्या पडलेल्या दिसल्या की व्होल्टेजचा अर्धा हिशेब तिथेच लागतो.

स्टॅबिलायझर हा वायरीवरचा इलाज नाही. तो व्होल्टेज उचलण्यासाठी मागून आणखी अँपियर खेचतो आणि बारीक वायर आणखी तापते. आधी वायर बदला, मग लागलाच तर स्टॅबिलायझर घ्या, आणि तो ट्रेलरच्या आत, एसीजवळ लावा. त्याला तीन मिनिटांचा डिले असलाच पाहिजे. लाइट पापणी लवेपर्यंत गेली आणि आली तर दाब उतरण्याआधीच कॉम्प्रेसर उठायला बघतो आणि अडकतो.

जनरेटरचंही असंच. इनव्हर्टर नसलेल्या एक टनाला २ केव्हीएचा जनरेटर ‘अँपियर पुरतात’ म्हणून घेतला जातो, पण सुरुवातीच्या झटक्याला तो दबतो. त्याला ४ ते ५ केव्हीए हवा. एक टनाचा इनव्हर्टर एसी मात्र हळूहळू वेग घेतो, तो अडीच ते तीन केव्हीएवर निभतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या उंचीवर, म्हणजे १,३०० मीटरच्या आसपास, हवा विरळ असल्याने साध्या जनरेटरची ताकद दहा टक्क्यांहून जास्त घटते. तिथे काठावरचा जनरेटर चालत नाही.

डबा किती उष्णता आत घेतो

वरचं सगळं ठीक असूनही दोननंतर गार होत नसेल तर हिशेब डब्याचा आहे. दहा बाय सहा, उंची साडेसहा फूट, म्हणजे भिंती सुमारे १९ चौरस मीटर, छत साडेपाच. उघड्या उन्हात छताचा पत्रा ६० अंशांवर जातो. आत २६ अंश ठेवायचे आहेत. एकेरी पत्रा आणि आतून नुसतं प्लाय अशा डब्यात छतातून आणि भिंतींतून मिळून अडीच ते साडेतीन किलोवॉट उष्णता आत येते. एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॉट. म्हणजे माणसं, फ्रीज, दिवे, उघडझाप होणारं दार हे सगळं मोजायच्या आधीच एक टन संपला.

याच डब्याला ४० मिलिमीटर पफ किंवा एक्सपीएसचा (दोन्ही उष्णता अडवणारे कडक फोम) थर दिला तर पत्र्यातून येणारी उष्णता ५०० ते ६०० वॉटवर उतरते. तीन माणसांची ४०० वॉट, यंत्रांची ३००, ताज्या हवेची आणखी तीनेकशे धरा, तरी दीड-पावणेदोन किलोवॉट. पाऊण टन पुरतो, एक टन निवांत चालतो. दीड टनाचा एसी, त्याला मोठा जनरेटर, त्याला डिझेल हा खर्च दर महिन्याला करत बसण्यापेक्षा पफ एकदाच बसवणं कितीतरी स्वस्त पडतं. ज्यांचा डबा अजून फॅब्रिकेशनला आहे त्यांनी एसीचं मॉडेल ठरवण्याआधी हा निर्णय घ्यावा. नंतर प्लाय उचकटून थर घालणं हे दुप्पट काम.

थर घालताना एक चूक नेहमी होते. चौकोनी पाइपांच्या मधल्या खणांत पफ भरतात, पण पाइप तसेच उघडे आणि त्यावर थेट प्लाय. लोखंड ती सगळी उष्णता सरळ आत आणतं. दुपारी आतल्या प्लायवर तळहात फिरवलात तर पाइपांच्या जागी उभे गरम पट्टे हाताला लागतात. पाइपांवर आतून १३ मिलिमीटरची नायट्रिल रबर शीट चिकटवून मगच प्लाय ठोका. प्लायच्या सगळ्या जोडांत सिलिकॉन भरा. पावसाळ्यात कराड-पाटण पट्ट्यातली दमट हवा प्लायमागे गेली तर गार पत्र्यावर पाणी धरतं, मग प्लाय फुगतं आणि पाइप गंजतो. फरशीखाली काहीच नसेल तर २५ मिलिमीटर एक्सपीएस पुरेसं. छताला पांढरा उष्णतारोधक रंग द्या, पण रंग म्हणजे थर नव्हे. वर शेडनेट बांधायची तर छतापासून वीतभर उंच, हवा खेळती राहील अशी.

एसी मोठाच घेतला की प्रश्न मिटला, हेही चूक. लहान डब्यात दीड टनाचा साधा एसी पाच मिनिटांत गार करून बंद होतो, दमटपणा काढायला त्याला वेळच मिळत नाही. आत गार पण चिकट वाटतं, आणि कॉम्प्रेसर तासाला दहा-बारा वेळा चालू-बंद होऊन झिजतो.

कुठल्या प्रकारचा घ्यावा

नळीवाला पोर्टेबल एसी बंद ट्रेलरसाठी घेऊ नका. तो डब्यातलीच हवा नळीतून बाहेर फेकतो आणि तेवढीच गरम, धुळीची हवा दाराच्या फटीतून आत ओढतो. एवढ्या लहान डब्यातली सगळी हवा तो काही मिनिटांत बदलून टाकतो.

विंडो एसी दणकट, दुरुस्तीला सोपा, तासगाव-विट्यातला कुठलाही मेकॅनिक हाताळेल असा. रोज खडबडीत रस्त्याने फिरणाऱ्या ट्रेलरला आमची पहिली पसंती त्यालाच, शक्य तर इनव्हर्टर प्रकारात.

स्प्लिट जास्त शांत आणि कमी वीज खाणारा, पण त्याचे जोड हलण्यासाठी केलेलेच नसतात. नळ्या जोडणारे फ्लेअर नट टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोराने आवळणारा पाना) आवळा : पाव इंची नळीला १४ ते १८, तीन अष्टमांश इंचीला ३४ ते ४२ न्यूटन-मीटर. पाना लावून अंदाजाने आवळलेला नट एक तर सैल राहतो, नाहीतर नळीचं तोंड चिरतं, आणि हजारेक किलोमीटरनंतर जोडाभोवती तेलकट डाग दिसायला लागतो. तो तेलकट डाग हीच गळतीची खूण. नळ्यांना दर फुटावर रबरी क्लॅम्प, बाहेरच्या युनिटजवळ नळीचा एक आडवा वेढा म्हणजे धक्के त्यात जिरतात. नायट्रोजनने गळती तपासून, व्हॅक्युम पंप किमान अर्धा तास चालवून, गॅस वजनकाट्यावर मोजून भरून घ्या. ‘थोडा गॅस सोडून हवा काढतो’ म्हणणाऱ्याला थांबवा.

छतावरचा कॅराव्हॅन एसी देखणा असतो, पण गावरस्त्यांवर बाभळीच्या फांद्या आणि लोंबत्या वायरी आधी त्यालाच लागतात. छताच्या दोन आडव्या पाइपांवर वजन आलं पाहिजे. परदेशी मॉडेल घेताना २२०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ लिहिलंय का बघा. अमेरिकेसाठी बनवलेले ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झचे असतात, ते इथे चालत नाहीत. बॅटरीवरचा १२ व्होल्टचा ८०० वॉटचा एसी ६५ अँपियरच्या पुढे खेचतो. १५० अँपियर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी, निम्मीच वापरायची म्हटलं तर त्याला जेमतेम तासभर पुरते.

आत गॅसची शेगडी असेल तर एसीचा नाद सोडा. धुरासाठी एक्झॉस्ट लावला की गार हवा त्यातूनच निघून जाते, आणि एक्झॉस्ट बंद ठेवून शेगडी पेटवणं जिवावर बेतेल. एसीत कुठला गॅस आहे तेही बघा. आर-२९० म्हणजे प्रोपेन. घनमीटरला जेमतेम ३८ ग्रॅम झालं की ते पेट घेऊ शकतं, आणि अशा डब्यात सगळा मिळून अकरा घनमीटर हवा. जिथे ठिणगी किंवा ज्योत असते तिथे हा गॅस नको. आर-३२ या दुसऱ्या एसी गॅसला ती मर्यादा आठपट वर आहे. तरी गळती झाली तर दार उघडा आणि काहीही पेटवू नका.

शॉक आणि धूर

ट्रेलर रबरी टायरांवर उभा असतो, त्यामुळे बॉडीत करंट उतरला तरी जमिनीत जायला वाट नसते. जमिनीवर पाय आणि हात दाराच्या कडीला, अशा माणसातून तो जातो. म्हणून हे सगळं हवं : ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), एसीला वेगळी १६ अँपियरची एमसीबी (जास्त करंट झाला की पडणारा स्विच), बॉडीला पक्की अर्थ वायर आणि प्रत्येक मुक्कामी ओल्या जमिनीत ठोकलेली अर्थिंगची सळई. बहुतेक लहान जनरेटरमध्ये न्यूट्रल बॉडीला जोडलेलं नसतं, तिथे आरसीसीबी असूनही पहिल्या बिघाडाला उडत नाही. ही जोडणी फक्त जनरेटरच्या बाजूला, जाणकार वायरमनकडूनच करून घ्या, आणि लाइट-जनरेटर बदलणारा चेंजओव्हर दोन पोलचा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा ठेवा.

जनरेटर ट्रेलरच्या पुढच्या पेटीत ठेवू नका. बाहेर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, किमान २० फुटांवर. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि एसी तो फटींतून आत घेऊ शकतो. आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.

पाणी आणि बर्फ

आत पाणी ठिबकत असेल तर आधी ट्रेलरची पातळी बघा. विंडो एसी बाहेरच्या बाजूला साधारण बोटाच्या निम्म्या जाडीएवढा कललेला हवा. पुढच्या भिंतीवर एसी आणि ट्रेलर मागे झुकलेला, म्हणजे पाणी आतच येणार. जॅकने नाक थोडं खाली घ्या, बाटली-लेव्हल एसीच्या तळाशी लावून खात्री करा. स्प्लिटची ड्रेन नळी कुठेही वर चढता कामा नये. आतल्या कॉइलवर बर्फ धरत असेल तर एसी बंद करून पंखा चालू ठेवा, बर्फ वितळू द्या, मग फिल्टर धुवा. उसाच्या ट्रॉल्यांमागून आलेली धूळ, बेदाण्याच्या शेडची भुकटी, हळदीची पूड यांनी फिल्टर चार दिवसांत बुजतो. स्वच्छ फिल्टर, २४ अंशांची सेटिंग आणि तरीही बर्फ, तर आता मेकॅनिकला गॅस तपासायला सांगा.

प्रवासाला निघताना बाहेरच्या युनिटवर ताडपत्रीचं कव्हर बांधा, नाहीतर वाऱ्याने पंखा उलटसुलट फिरत राहतो आणि त्याचं बेअरिंग जातं. पोहोचल्यावर कव्हर काढायला विसरू नका, आणि कंडेन्सरच्या पात्यांमध्ये साचलेली धूळ आतून बाहेरच्या दिशेने, साध्या नळाच्या दाबाने धुवा. सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशर गन मारला की पाती आडवी पडतात आणि हवा जायचीच थांबते.